एक्स धन आहे हे धरून

संघपाल सर फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचे. आठ वर्षं आमच्या कॉलेजात तासिकेवर गणित शिकवलं अन् दर जूनला नव्यानं अर्ज केला. "पुढच्या साली कायम होतो बघा, कचरूमामा," म्हणायचे. मी कॉम्प्युटर लॅबचा शिपाई, मला गणितातलं काय घंटा कळतंय! पण एक गोष्ट त्यांनी मलाही समजावली होती.

गणितं सोडवणारं ते सॉफ्टवेअर लई हट्टी. एक्समध्ये एक भागिले एक्स मिळवलं तर उत्तर दोन किंवा जास्तच येतं, हे खरं का, असं विचारलं तर हो म्हणत नाय. एक्स धन आहे हे आधी सांगायचं, मग लगेच हो. अन् एकदा सांगितलं की प्रोग्राम बंद करेपर्यंत ते तसंच धरून बसतं. "म्हणून प्रॅक्टिकल झालं की सगळी मशीनं बंद करत जा, मामा," सर बजावायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी विभागप्रमुखांनी लॅबमध्ये बसून परीक्षेचा पेपर काढला. हेच गणित चालू मशीनवर तपासलं. सकाळच्या प्रॅक्टिकलचं 'एक्स धन' मशीनच्या पोटात तसंच होतं. ते हो म्हणालं, अन् साहेबांनी छापलं, सिद्ध करा. एक्स धन असल्याचा शब्द नाय.

प्रेरणा नावाच्या पोरीनं लिहिलं, हे खोटं आहे, एक्स उणे एक घेतला तर उत्तर उणे दोन येतं. तिला भोपळा मिळाला, अन् तेवढ्यानंच ती नापास झाली. संघपाल सर तिची उत्तरपत्रिका घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथंच पाणी घेऊन उभा होतो.

"पोरगी बरोबर आहे सर, चूक पेपरची आहे."

"मशीन तुमच्या प्रॅक्टिकलनंतर चालू राहिलं, म्हणजे चूक तुमची," विभागप्रमुख म्हणाले. "तसं लिहून द्या, तिला मार्क देतो."

अन् सरांनी लिहून दिलं! अरे, काय माणूस म्हणायचा हा! जूनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. यादी वाचून मला विचारतात काय, तर "प्रेरणा पास झाली ना, मामा?"

मशीनं बंद करायचं काम माझं होतं. त्या दिवशी हर्सूलला घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी नुसते स्क्रीन बंद करून पळालो. केबिनमध्ये सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. मी ग्लास टेबलावर ठेवला अन् बाहेर आलो. लाज वाटते, लई वाटते. पण मी कायम आहे. माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे.