मावशी बारीक झाली तेव्हा

पाळणे बनवणाऱ्या मावशीची परीक्षा साधी होती. पाळणा तयार झाला की त्यात ती स्वतः बसायची. अंगानं चांगली भरलेली बाई. पाय बाहेर सोडून तिनं दणकून झोके घेतले आणि तरीही कडी कुरकुरली नाही, तरच पाळणा विकायला दुकानाच्या दारात यायचा. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. हसेनात का! "पाळण्यात एकटं बाळ थोडंच असतं?" ती म्हणायची. "थोरलं भावंड चढतं, मामा लाडात येऊन रेलतो. त्या मामाचा भार कोण धरणार?"

नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता. तिनं नवऱ्याचा रंधा उचलला, बोटं सोलून घेतली आणि सुताराची बायको होती ती सुतार झाली. आता मुलगाही हाताशी होता. दुकान झकास चाललं होतं.

मग गुडघे कुरकुरू लागले आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मावशीनं एकदा मनावर घेतलं म्हणजे संपलंच. गोड सोडलं, सकाळ-संध्याकाळ तरातरा चालू लागली, आणि बघता बघता सगळे कपडे आत घ्यावे लागले. गल्लीभर कौतुक झालं. पाळण्यात बसणं मात्र चालूच होतं.

एका सकाळी एक आजोबा पाळणा परत घेऊन आले. कडी उघडली होती. नशीब, बाळ आईच्या कडेवर होतं. थोरली बहीण मैत्रिणीला घेऊन आत चढली होती, तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. मावशीनं कडी हातात फिरवून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! यंदा आणलेल्या कड्या कच्च्या निघाल्या खऱ्या, पण मी तरी कुठे पहिल्यासारखी राहिले? माझ्याबरोबर परीक्षाही बारीक झाली की!"

तिनं तडक टेम्पो बोलावला आणि त्यावर कर्णा बांधला. मुलगा हवालदिल झाला.

"आई, गुपचूप फोन करू ना. आपणच आपल्या नावानं बोंब मारायची? उद्या कुत्रं विचारणार नाही आपल्याला."

"सगळ्यांचे नंबर आहेत तुझ्याकडे? ज्यांचे नाहीत, त्यांच्या पोरांनी काय करायचं? चढ वर."

आणि गल्लोगल्ली मावशीचा खणखणीत आवाज घुमू लागला. "यंदा माझ्याकडून पाळणा नेला असेल, तर आधी बाळाला बाहेर काढा. कडी कच्ची आहे. चूक माझी आहे. फुकट बदलून देते." लोक खिडक्यांतून डोकावत होते आणि मुलगा बदलून द्यायच्या पक्क्या कड्यांच्या पिशवीत तोंड खुपसून बसला होता.

एका घरात बाळाची आई दारातच आडवी आली. "आत्ता कुठे डोळा लागलाय हो त्याचा! मूठभर पोर ते. त्याला काय होतंय?"

मावशीनं अलगद बाळ उचलून तिच्या हाती दिलं आणि स्वतः पाळण्यात बसली. झोके घेतले. कडी ढिम्म हलली नाही.

"बघा!" बाळाची आई म्हणाली.

"चल आई," मुलानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"थांब. तू बस."

"मी?"

"माझ्या अंगावरून उतरलेलं सगळं तुझ्याच अंगाला लागलंय. बस म्हणते ना!"

तो ओशाळून बसला. पहिला झोका बरा गेला. दुसऱ्याला कडकन आवाज झाला आणि एवढा मोठा बाप्या जमिनीवर आदळला. कुणीही हसलं नाही. बाळाच्या आईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तो तसाच पडून वर पाहत राहिला. कडी सताड उघडी होती, आणि बाळाची उशी त्याच्या पाठीखाली होती.

तो उठला. नवी कडी त्यानं स्वतः बसवली आणि तिला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं.

टेम्पोपाशी परत आल्यावर मावशीनं माइककडे हात नेला, तर तो मुलानं आधीच घेतला होता.

"आधी बाळाला बाहेर काढा!" तो ओरडला. त्याचा आवाज कापत होता, पण शेवटच्या खिडकीपर्यंत पोचत होता. "चूक आमची आहे!"