उघडल्यावर चार आठवडे

कंपाउंडरांच्या घरात कुठलीही वस्तू उघडली की तिच्यावर चिठ्ठी चिकटायची. टूथपेस्ट, जॅम, बुटांचं पॉलिश, डिंकाची बाटली, सगळ्यांच्या अंगावर ठसठशीत अक्षरात 'उघडले' आणि पुढे तारीख. डॉक्टरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं औषधं बांधून दिलेल्या या माणसाचं ठाम मत होतं, की वस्तू बंद असते तोवर धडधाकट असते आणि झाकण फिरवलं की तिचे दिवस भरायला लागतात. म्हणून होता होईतो काही उघडूच नये. भेट आलेलं अत्तर, रेशमी रुमाल आणि सहा पेल्यांचा एक संच कपाटात वर्षानुवर्षं खोक्यातच नांदत होता. बायको म्हणायची, "लग्नात मी खोक्यातून आले नाही हे माझं नशीब." त्या वेळी कंपाउंडर बहुधा कशावर तरी तारीख घालत असत.

दवाखान्यात डॉक्टर आणि कंपाउंडर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीत वीतभर खिडकी. खिडकीतून डॉक्टरांचा हात चिठ्ठी घेऊन यायचा, कंपाउंडरांचा हात ती घ्यायचा, की झालं. डॉक्टरांचं अक्षर जगात दोघांनाच लागायचं, आणि त्यातल्या एकाला, म्हणजे खुद्द डॉक्टरांना, कधी कधी लागत नसे. पलीकडे डॉक्टर बसलेले, अलीकडे कंपाउंडर उभे. खुर्ची ठेवायला अलीकडे जागाच नव्हती. एवढ्या वर्षांत दोघं एका टेबलाशी एकदाही बसले नव्हते. भांडण नव्हतं, पण तशी पद्धतच पडली नव्हती.

मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी खिडकीतून हात आला तो चिठ्ठीऐवजी बाटली घेऊन. पाठोपाठ, मान वाकडी करून, चेहराही आला.

"पोर्ट आहे. गोड वाइन असते. तुम्ही न्या," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यात निघायच्या दिवशी येतो मी तुमच्याकडे. शुक्रवार आहे. दोघं बसून घेऊ थोडी."

कंपाउंडरांनी आयुष्यात वाइन चाखली नव्हती, पण 'दोघं बसून' हे दोन शब्द त्यांनी घरी येईपर्यंत दहादा मनात घोळवले. डॉक्टर आपल्या घरी येणार, आपल्या टेबलाशी बसणार, आणि आपण त्यांच्यासमोर बसणार. त्यांना भलताच आनंद झाला होता आणि त्याहून जास्त धास्ती वाटत होती. दवाखान्यातून आठवण म्हणून त्यांनी तपकिरी रंगाच्या छोट्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं तेवढं मागून घेतलं.

घरी येऊन ते चष्मा शोधून लेबल वाचायला बसले. 'उघडल्यावर थंड जागी उभी ठेवावी आणि चार आठवड्यांत संपवावी,' इथपर्यंत वाचून झालं आणि फट्ट असा आवाज आला. बायकोने बूच काढलं होतं.

"अगं! काय केलंस हे?"

"उघडली. बाटलीचं आणखी काय करतात?"

"आजपासून दिवस सुरू झाले तिचे! डॉक्टर यायला अजून..." त्यांनी बोटांवर मोजलं. आज शनिवार. डॉक्टर यायचा शुक्रवार म्हणजे बरोब्बर अठ्ठाविसावा दिवस. मुदत संपायच्या काठावर. कंपाउंडरांच्या कपाळाला घाम आला.

पण माणूस आपल्या कामात पक्का. दारूचं त्यांना काही कळत नसलं तरी बाटलीचं सगळं कळत होतं. द्रव बिघडतो तो हवेने. अर्धी बाटली म्हणजे अर्धी हवा. मग हवा राहूच द्यायची नाही! त्यांनी बारा तपकिरी बाटल्या उकळून, पालथ्या घालून खडखडीत वाळवल्या, आणि नरसाळं लावून साठ-साठ मिली पोर्ट गळ्यापर्यंत काठोकाठ भरून झाकणं घट्ट फिरवली. तीस मिली उरली. ती त्यांनी औषधाच्या मापाच्या पेल्यात घेऊन दोघांत वाटली आणि स्वतःचा वाटा उभ्याउभ्याच घशात लोटला.

"औषध आहे का ते? बसून प्या की," बायको म्हणाली. तिने घोट तोंडात घोळवला. "मनुकांसारखी लागते हो. बरी आहे."

कंपाउंडरांनाही ती बरीच वाटली होती. म्हणून त्यांनी लगेच वेळापत्रक केलं. दर बुधवारी आणि रविवारी एक बाटली दोघांत. अशा आठ. उरलेल्या चार डॉक्टरांसाठी राखीव, त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. आठ बाटल्या फ्रिजच्या दाराच्या वरच्या खणात, चार खालच्या खणात. मग ते चिठ्ठ्या लिहायला बसले, आणि इथे घोळ झाला.

औषधांची नावं पेशंटना वाचता येत नसत, म्हणून दवाखान्यात कंपाउंडर बाटलीवर सरळ रोगच लिहीत. 'खोकला'. 'ताप'. 'पोट'. चौतीस वर्षांत हाताने 'पोट' किती हजार वेळा लिहिलं असेल कोण जाणे. त्या हाताला आता 'पोर्ट' लिहायला सांगितलं. हाताने बॉलपेनने झरझर बाराही बाटल्यांवर 'पोट' लिहून टाकलं.

बायको हसून हसून खाली बसली. "अहो, रफार! रफार राहिला!"

कंपाउंडर वरमले. बॉलपेन नेमकं तेव्हाच आटलं होतं, म्हणून त्यांनी शाईचं पेन काढलं आणि बारा ट-वर बारा रफार चढवले. शुद्धलेखनाचा प्रश्न मिटला असं समजून त्यांनी फ्रिजचं दार लावलं.

फ्रिज जुना होता आणि आतून कायम घामेजलेला. बॉलपेन टिकलं, शाई कशी टिकणार? चौथ्या दिवशी खालच्या खणातल्या चारही बाटल्यांचे रफार ओघळून गेले आणि 'पोट' तेवढं शिल्लक राहिलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, पाठीला बाक, आणि पोटाची तक्रार जुनी. सकाळी त्या आधी स्वतःच्या पोटाची हकिगत सांगत, मग इतरांच्या पोटाची विचारपूस करत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण येत नाही, जावईबापूंनी आपल्या हाताने काहीतरी करून द्यावं, असा त्यांचा वर्षभर लकडा होता. जावई म्हणायचे, "आई, नीट चावून खात जा." एवढ्या थोर कंपाउंडरने सासूला चावायला सांगावं याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

बाक आल्यामुळे त्यांना फ्रिजचा वरचा खण दिसतच नसे. खालचा नेमका डोळ्यांसमोर. बुधवारी दुपारी जेवल्यावर त्या दही ठेवायला गेल्या आणि समोर जावयाच्या सुवाच्य अक्षरात चार बाटल्या: पोट, पोट, पोट, पोट. सासूबाईंचे डोळे भरून आले. न सांगता, गाजावाजा न करता, चार बाटल्या! पोटाचं औषध जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी दोन चमचे घेतले, झाकण लावलं, बाटली जागच्या जागी ठेवली. औषध चक्क गोड होतं. जावयाने सासूच्या जिभेचाही विचार केला म्हणून त्या आणखी गहिवरल्या. अशा गोष्टीचा बोभाटा करू नये, नाहीतर दृष्ट लागते, म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत. बाटली संपली की ती विसळून, झाकण लावून परत रांगेत. शिस्तीच्या घरात राहत होत्या ना!

इकडे नवराबायकोचे बुधवार-रविवार रंगू लागले. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिसऱ्या वेळी बायकोने खोक्यातले पेले काढले. कंपाउंडर 'अगं, अगं' म्हणाले, पण चिठ्ठी चिकटवायला विसरले. एकदा पेले भरले आणि बायकोला बहिणीचा फोन आला. बहिणीचा फोन म्हणजे अर्धा तास. परत येऊन तिने घोट घेतला आणि भुवया उंचावल्या. "फ्रिजमधून काढल्या काढल्या गप्प असते हो ही. जरा वेळ बाहेर ठेवली की बोलायला लागते." तेव्हापासून बाटली पंधरा मिनिटं आधी बाहेर यायला लागली. त्या पंधरा मिनिटांत दोघं नुसती बसून गप्पा मारत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि बोलायला बरंच साठलं होतं, हे कंपाउंडरांना तेव्हा कळलं.

सासूबाईंचंही छान चाललं होतं. दुपारची झोप गाढ, गालांवर लाली, आणि पोटाचं नावच नाही. उलट त्या काहीतरी गुणगुणायच्या. "आई हल्ली खुशीत असते," बायको म्हणाली. "चावून खायला लागल्या असतील," कंपाउंडर म्हणाले. राखीव बाटल्यांवर त्यांचा जागता पहारा होता. रोज सकाळी दार उघडून ते चार झाकणं मोजत. हात लावायचा नाही हा नियम स्वतःचाच, त्यामुळे उचलून बघायचा प्रश्नच नव्हता. मोजणी रोज चोख भरायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी चारला डॉक्टर आले. हातात काठी, अंगात प्रवासाचा कोट. गाडी साडेसातची होती. बायकोने टेबलावर पेले मांडले. कंपाउंडर सवयीने उभेच.

"बसा हो," डॉक्टर म्हणाले.

"आधी बाटल्या आणतो. पंधरा मिनिटं बाहेर ठेवाव्या लागतात. खास तुमच्यासाठी राखून ठेवल्यात," असं म्हणत त्यांनी फ्रिज उघडला आणि पहिली बाटली उचलली. ती पिसासारखी वर आली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथीत तळाशी काहीतरी डुचमळलं.

कंपाउंडरांचा चेहरा पांढराफटक पडला. चौतीस वर्षांत एका थेंबाचं माप चुकलं नव्हतं, आणि आज, आजच! "हवा," ते पुटपुटले. "उडून गेली की काय?"

"काय उडालं?" सासूबाई आतून आल्या. "माझं औषध होय ते? आणा इकडे. आज जेवायला उशीर झाला, माझे दोन चमचे राहिलेत."

"आई! हे औषध नाही!"

"वा! नाही कसं? लिहिलंय की तुम्हीच." सासूबाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं. "पो-ट."

बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, नाकाजवळ नेली, चिठ्ठी वाचली, आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "कधीपासून घेताय, आजी?"

"तीन आठवडे झाले. रोज दुपारी दोन चमचे."

"मग? गुण आला?"

"आला तर! काय ती मात्रा लागू पडली! तुमच्या गोळ्यांचा राग मानू नका डॉक्टर, पण माझ्या जावयाच्या हाताला जो गुण आहे तो तुमच्या हाताला नाही."

डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला आला. कंपाउंडर मात्र हसले नाहीत. त्यांना रडू येत होतं. महिनाभर डोळ्यांत तेल घालून जे सांभाळलं ते गेलं होतं. राहिलेले दोन चमचे त्यांनी पेल्यात ओतले, पालथी बाटली पार थेंब गळेपर्यंत धरली, आणि पेला डॉक्टरांसमोर ठेवून म्हणाले, "एवढंच आहे साहेब. तुम्ही घ्या. माफ करा."

"दोघं म्हणालो होतो मी. चमचा आणा."

चमचा आला. डॉक्टरांनी पेल्यातून एक चमचा भरला, आणि टेबलापलीकडे, पहिल्यांदाच मध्ये भिंत नसताना, कंपाउंडरांपुढे धरला. "आधी बसा."

कंपाउंडर बसले. आज्ञाधारक पेशंटसारखं त्यांनी तोंड उघडलं. राहिलेला चमचा डॉक्टरांनी स्वतः घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बिघडली का?" कंपाउंडरांनी घाबरून विचारलं.

"नाही हो. उत्तम आहे. मला आवडत नाही, इतकंच. गोड वाइन कधीच आवडली नाही."

"मग... मग तुम्ही 'बसून घेऊ' म्हणालात ते?"

डॉक्टरांनी चमचा पेल्यात ठेवला. "तुमच्याकडे येऊन बसायचं होतं मला," ते म्हणाले. "किती वर्षं मनात होतं. नुसतं येऊ का, असं विचारायचं धाडस होईना. मग म्हटलं, हातात काहीतरी द्यावं म्हणजे जमेल."

आपणही कितीदा बोलवायचं ठरवलं होतं आणि कितीदा उद्यावर ढकललं होतं, ते कंपाउंडरांना आठवलं. घड्याळात साडेचार वाजले होते. त्यांनी मान वळवून बायकोला हाक मारली.

"अगं, चहा ठेव. सात वाजेपर्यंत पुरेल इतका."