नळाजवळचं हिरवं गवत

गडचिरोली नवाच जिल्हा झाला होता आणि मी नवाच साहेब. साहेब कसला डोंबलाचा, शेतकी खात्यातला साधा सहायक. पण तेव्हा चामोर्शीत शर्ट पँटीत खोचला की माणूस साहेब होत असे. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या वस्तीतून शेतकी कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अक्कल पाजळायची खाज जरा जास्तच होती.

आमचे मोठे साहेब पुण्याकडचे. भोवती नजर जाईल तिथवर धान, त्यापलीकडे जंगल, आणि या गृहस्थांना डोळ्याला हिरवं काही दिसेना. म्हणून बंगल्यापुढे लॉन हवं. नागपूरहून गवत आलं. ते लावलं बंगल्यावरच्या बाईनं. ती रोजंदारीवर होती; झाडलोट, भांडी, बाग सगळं तिच्याच अंगावर. नवरा वारलेला, घरी दोन मुली.

गवत लावल्यावर आठवड्याभरात ती चुलीची राख टोपलीत भरून त्यावर उधळताना दिसली. मी भडकलोच.

"बाई, लॉन म्हणजे उकिरडा आहे का?"

"आमी पऱ्ह्यात टाकतो नं जी. रोप चांगलं होते."

मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! माझी आई धानाच्या रोपासाठी पऱ्हे करायची तेव्हा त्यात राखच टाकायची, आणि टोपली धरायला मीच असायचो. पण कॉलेजात राखेवर धडा नव्हता. मी राख बंद केली आणि ऑफिसात प्रात्यक्षिकासाठी आलेल्या अमोनियम सल्फेट खताची पोती बंगल्यावर पाठवली. दर पंधरा दिवसांनी टाकायचं, असं बजावलं. ती "हो जी" म्हणाली आणि सांगितलं तसं करत राहिली.

पहिल्या वर्षी गवत असं तरारलं, की बंगल्यावरून जाताना मी सायकल मुद्दाम हळू करायचो. दुसऱ्या पावसाळ्यात ते पिवळं पडायला लागलं. मी खत वाढवलं. ते आणखी पिवळं पडलं. ऊन लागतं तिथंही शेवाळ धरलं आणि मधूनमधून आंबट पानांची आंबुटी उगवली. फक्त बाहेरच्या नळाजवळ, बाई भांडी घासायला बसायची तिथं, दोन खाटांएवढा तुकडा हिरवागार राहिला.

त्या तुकड्यानंच घात केला. साहेबांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या निकाल दिला, "नळापाशीच पाणी ओतते आणि बसून राहते. आळशी बाई आहे. दिवाळीपर्यंत लॉन सुधारलं नाही तर हिला काढून टाका." आदल्या दिवशीपर्यंत धो धो पाऊस होता, साहेबांच्या बुटाला चिखल लागलेला होता. तरी गवत पाण्यावाचून वाळलं, असं ठरलं.

बाई ते ऐकत पायऱ्या झाडत राहिली. मी निघालो तेव्हा फाटकाशी आली.

"काम गेलं तं पोरीयची शाळा सुटन जी. तुमी शिकलेले, येकदा माती तं पाहा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून लिटमसचे निळे कागद मागून आणले आणि ड्रायव्हरकडून जीपच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. दोन ग्लासांत दोन ठिकाणची माती कालवली. लॉनच्या मातीत कागद लाल झाला. नळाजवळच्या मातीत निळाच राहिला.

"बाई, भांडी कशानं घासता?"

"राखेनं. अजून कशानं?"

तेव्हा कुठं उजेड पडला. माझ्या खतानं आणि पावसानं मिळून सगळी माती आम्ल केली होती. वाचली होती ती फक्त तिच्या भांड्यांच्या धुवणाखालची, कारण तेवढी राख बंद करायला मी विसरलो होतो.

पुस्तकाप्रमाणे उपाय होता चुना. मी रीतसर मागणी केली. उत्तर आलं, की चुना हा इमारत रंगवण्याचा माल आहे, गवत रंगवण्याची तरतूद नाही. झालं! दिवाळी जवळ येत चालली. शेवटी मान खाली घालून बाईला म्हटलं, "राखच टाकू या."

 तिच्या साऱ्या वस्तीतल्या चुलींची राख तिनं गोळा केली. कोळसे चाळून काढले, पातळ थरानं पसरली, वर पाणी मारलं. खत मी बंद केलं. साहेबांना मात्र लिहून दिलं, की अतिवृष्टीमुळे जमिनीतले क्षार वाहून गेल्याने आम्लता वाढली. खताचा उल्लेख कटाक्षानं टाळला. उरलेली पोती कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून बंगल्यामागच्या शेडमध्ये शोधायलाही गेलो. दिसली नाहीत. संपली असतील म्हणून जीव भांड्यात पडला.

दिवाळीपर्यंत शेवाळ गेलं, नवी पाती फुटली. बाईचं काम राहिलं. चंद्रपूरहून पाहुणे आले तेव्हा साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हा आमचा मातीचा डॉक्टर." बाई नळावर त्यांच्याच कपबशा घासत होती. तिचं नाव घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. मी नुसता हसलो, तेही विनयानं.

पाहुणे गेल्यावर तिनं मला मागच्या अंगाला बोलावलं.

"साहेब, तुमच्या खताचे दोन पोते सरपनाखाली हायेत. आता घेऊन जा."

"सरपणाखाली? काऊन?"

"मले काढतो म्हनले नं मोठे साहेब, त्याच दिवशी लपवले. त्याईले दिसले असते तं तुमचं नाव आलं असतं. तुमची नवीन नवकरी."

म्हणजे गवत कशानं मेलं ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी तिच्यावरचा आळ टळला असता. मला भयंकर लाज वाटली. सायकलच्या कॅरिअरला बांधून मी दोन खेपांत ती पोती नेली. दोन्ही खेपांना ती मागून पोतं धरून फाटकापर्यंत आली.