बेहड्याचं बी

नेरे गावाच्या वरच्या उतारावर कुठे कोणतं झाड होतं, हे दिनानाथला तोंडपाठ होतं. पनवेलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रुचिरा मॅडम गावाच्या परवानगीने तिथे पुन्हा जंगल उभं करायला आल्या, तेव्हा साठीचा हा माणूस म्हणजे त्यांना घबाडच वाटलं. बाहेरची रोपं आणायची नाहीत, इथलंच बी इथे रुजवायचं, असा त्यांचा हट्ट.

"इथं ऐन व्हता. त्या खडकाखाली कुंभा," तो सांगे आणि मॅडम वहीत खुणा करत.

"काका, एवढं लक्षात कसं राहिलं?"

"लहानपनी गुरं चारली ना," म्हणून तो पाण्याचा कॅन उचले आणि चालू लागे.

खरं कारण वेगळं होतं. पंधरा वर्षांपूर्वी फार्महाऊसच्या प्लॉटसाठी हा उतार साफ करायचं काम त्यानेच घेतलं होतं. एकेका झाडावर चुन्याची खूण त्याने केली, करवतही त्यानेच चालवली. पुढे प्लॉट झालेच नाहीत. माती पावसाबरोबर गेली, मुरूम उरला.

त्यातला एक बेहडा त्याला सोडत नव्हता. वरच्या ठाकूरवाडीतली चंद्रावती त्याची फळं वेचून बाजारात विकायची. "येवढा एक ठेव," असं तिने हात जोडून सांगितलं होतं. तो हो म्हणाला होता. मग ती पनवेलच्या बाजाराला गेली, त्याच दुपारी त्याने झाड पाडलं. तिच्यासमोर पाडायची त्याची छाती नव्हती.

यंदा डिसेंबरात मॅडमना नेमकं बेहड्याचं बी हवं होतं. "वाडीतल्या चंद्रावतीबाईंना ठाऊक असेल. तुम्ही विचारून या ना."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. तो गेला. चंद्रावती अंगणात नाचणी पाखडत होती.

"बेहड्याचं बी पायजे व्हतं, चंद्राबाय."

तिचं सूप थांबलं. "माज्याकडं मागतोस?"

"चुकलो मी."

"चुकला नायस. मी बाजाराला कवा जाते, याची वाट बघत व्हतास."

तो तसाच खाली आला आणि मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, मी गुरं नाय चारली. ही झाडं मीच कापली."

मॅडमनी वही मिटली. "इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुमी काका म्हनता. ते बंद व्हईल असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः वाडीवर गेल्या. चंद्रावतीने टोपलीभर फळं दिली, पण एका अटीवर: या बियांना दिनानाथचा हात लागता कामा नये. मॅडमनी ती पाळली. बी वाडीतल्या बायकांनी पेरलं. त्याच्या वाट्याला वणवा आत येऊ नये म्हणून कडेचं गवत काढून जाळरेषा राखण्याचं काम आलं.

मार्चमध्ये रस्त्याच्या बाजूने वणवा चढला. दिनानाथने ओल्या फांदीने झोडपत तो जाळरेषेवर अडवला. हाताला फोड आले, पण रोपं वाचली. संध्याकाळी बघायला आलेल्या लोकांनी त्याला शाबासकी दिली. चंद्रावतीही आली होती.

"त्याचं कामच हाय ते," ती म्हणाली आणि कोवळी पानं बघायला पुढे गेली.

दिनानाथला ते लागलं, पण खोटं वाटलं नाही.