पाचव्या मजल्यावरच्या मॅडमच्या गोळ्या

आठ मजली कचेरीत लिफ्ट चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. नवरा अचानक गेला तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या मॅडमनी शब्द टाकला म्हणून त्यांना ही नोकरी मिळाली. तेव्हापासून स्टूल, बटणं आणि सरकतं जाळीचं दार, एवढंच त्यांचं जग.

पन्नाशी उलटली, पाळी गेली आणि दोन वर्षांनी अंगातून वाफा निघायला लागल्या. कारण नसताना छातीपासून कानापर्यंत भट्टी पेटायची. लिफ्टमधला पंखा नुसता नावाला. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा कारकून म्हणाला, "मावशी, लिफ्ट खाली चाललीय आणि तुमचा पारा वर." सगळे हसले. त्याही हसल्या. जाणार कुठे?

मॅडमनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली आणून दिली. "वनौषधी आहे. हार्मोन्स ताळ्यावर येतात. माझी बहीणच विकते. तुमच्याकडून पैसे नकोत."

आठवड्याने भर लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "पडला ना फरक?"

फरक काही नव्हता, उलट पोटात जळजळ व्हायची. पण मावशींच्या तोंडून निघून गेलं, "पडला की."

झालं. मॅडम प्रत्येकीला सांगू लागल्या, "विचारा मावशींना." बायका विचारत आणि मावशी मान डोलवत. बघता बघता सहाजणींनी बाटल्या घेतल्या. आता खरं बोलायचं तर कुठल्या तोंडाने?

तिसऱ्या महिन्यात कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. मावशींनी मॅडमना बाजूला घेऊन हळूच सांगितलं.

"शरीर साफ होतंय," मॅडम म्हणाल्या. "आता मधेच सोडू नका."

मावशींनी आणखी पंधरा दिवस गोळ्या घेतल्या. शेवटी वाळत घातलेले कपडे सुनेने पाहिले. "आई, पाळी जाऊन दोन वर्षं उलटली ना? मग हे कसलं? उद्याच दवाखान्यात जायचं."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "यात काय किती आहे ते लिहिलेलंच नाही. आधी हे बंद. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की लगेच यायचं असतं, वाट बघायची नसते." तपासण्या झाल्या. गर्भाशयात छोटी गाठ निघाली, ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. रिपोर्ट चांगला आला.

कामावर परतल्या त्या सकाळीच मॅडम आत शिरल्या. "मग, परत सुरू केल्या ना?"

"डॉक्टर नको म्हणाल्या."

"डॉक्टरांना काय कळतंय त्यातलं." बाकीच्यांनी नजरा खाली वळवल्या.

दुपारी लिफ्टमध्ये त्या सहाजणींतली चौथ्या मजल्यावरची टायपिस्ट एकटीच होती. मावशींना राहवलं नाही. "बाई, मला त्या गोळ्यांनी कधीच फरक पडला नव्हता. भीड पडली म्हणून बोलले."

"मलाही नाही पडला," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून घेत होते."

सहाहीजणींना मावशींनी आठवड्याभरात गाठून सांगितलं. मॅडमच्या कानावर गेलंच. त्या आता मावशींशी बोलत नाहीत, मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहतात. मावशींच्या नोकरीचा कागद दर वर्षी त्यांच्याच सहीने पुढे सरकतो. या वर्षीचा अजून त्यांच्या टेबलावरच आहे. मावशी रोज त्यांना पाचव्यावर सोडतात, दार ओढून घेतात आणि पदराने मान पुसतात.