न बसलेला प्रोसेसर

वडील जानेफळच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आपल्या बोलीतले शब्द गोळा करू लागले. हात थरथरायचे, पेन धरवत नसे, म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना नेऊन दिला. एका बोटाने ते शब्द आणि त्याचा अर्थ टाईप करत. मशीन इतकं मंद, की दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत त्यांचा चष्मा पुसून होई.

पुण्याहून मी फोनवर म्हटलं, "बाबा, नवा प्रोसेसर टाकून देतो. पळेल मशीन."

"बोर्डावर बसते का नाही ते पयले पाह्य. मी डबा उघडून मदरबोर्डचा नंबर तुह्या आईकडून लिहून घेतला. सांगू काय?"

"मला माहीत आहे हो."

मी घाईत होतो. नंबर घेतलाच नाही.

दिवाळीला गेलो. जुना प्रोसेसर काढून टेबलाच्या कडेला ठेवला. नवा बसेना. त्याच्या पिना जास्त, बोर्डावरची भोकं कमी. वडील मागेच उभे होते.

"दाबू नको बाबू."

मी दाबला. पिना वाकल्या. वैतागून उठलो, तर धक्क्याने जुना खाली पडून खुर्चीच्या पायाखाली येऊन मोडला.

"जाऊ दे, तू काही मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले आणि आईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

त्या बोर्डाला चालणारा प्रोसेसर मिळवायला मला दोन महिने लागले. खरं तर शोधायला आठच दिवस लागले; बाकीचे दिवस मी माझ्या कामात होतो. तेवढ्या काळात दर फोनला ते एखादा शब्द सांगायचे. "ध्यानात ठेव. मशीन सुरू झालं का टाकू." मी हो म्हणायचो. एकही लिहून ठेवला नाही.

प्रोसेसर घेऊन गावी निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती.

तरी जाऊन मी प्रोसेसर बसवला. त्यांची फाईल उघडून खाटेजवळ बसून एकेक शब्द वाचला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. फाईल संपली तसा त्यांनी चालणारा हात पडद्याकडे नेला, तोंड उघडलं. नुसता आवाज आला.

"तुले काही सांगून राह्यले," आई म्हणाली.

मी कान जवळ नेला. काही कळलं नाही.

महिनाभरात ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी आईने ती फाईल छापून आणायला सांगितली. अठ्ठावीस पानं भरली. फोनवर सांगितलेला एकही शब्द त्यांत नव्हता.