अकरा नंबरचा सिलिंडर

हेगबी गावात एखादी वस्तू दुरुस्त झाली की नाही, हे तिच्याकडे बघून कुणी ठरवत नसे. तिच्यावर ऑर्लिन स्वेनसची चिठ्ठी आहे का, एवढंच बघत. चर्चच्या तळघरात साठ कपांचं कॉफीचं भांडं होतं, त्यावर पांढरी चिकटपट्टी होती: ‘गळत नाही. ओ. एस.’ पोस्टाच्या दारावर होतं: ‘ओढू नका, ढकला. ओ. एस.’ पाद्रीबाईंच्या गाडीत लाल दिव्याशेजारी लिहिलेलं होतं: ‘हा दिवा खोटा आहे. ओ. एस.’ त्या लाल दिव्याच्या साक्षीने बाई दोन वर्षं निर्धास्त फिरत होत्या.

ऑर्लिनची पद्धत अशी होती, की आधी चिठ्ठी, मग काम. चिठ्ठी लिहिली की काम करावंच लागतं, असं त्याचं म्हणणं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने एकही चिठ्ठी खोटी ठरू दिली नव्हती. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि गावाचंही तेच होतं.

तो फिटर होता. हेगबीपासून मुख्य मार्गापर्यंत अडतीस मैलांची एक छोटी रेल्वे होती. तिच्यात माणसं चार आणि इंजिनं दोन. त्यातलं एक ऑगस्टमध्ये मेलं. उरलेल्या एकट्याकडून मक्याने भरलेले बावन्न डबे पूर्वेच्या चढावरून ओढले जाईनात. पीक काढणीला आलं होतं. धान्यकोठाराच्या मॅनेजरने मालकिणीला शांतपणे सांगून ठेवलं होतं, की डबे वेळेवर जात नसतील तर तो ट्रक लावेल, आणि एकदा लावलेले ट्रक तो काढणार नाही. हे त्याने कॉफी पिता पिता, हवापाण्याच्या गप्पांमध्येच सांगितलं होतं. त्या भागात धमकी अशीच देतात.

म्हणून मालकीण गेल प्रीबिल हिने एक जुनं इंजिन आणलं. गेल एक्केचाळीस वर्षांची. वडिलांच्या मागे रेल्वे तिच्याकडे आली, आणि रेल्वेबरोबर ऑर्लिनही आला. नवं आलेलं इंजिन तिच्याहून सहा वर्षांनी मोठं होतं. एका मोठ्या रेल्वेने ते टाकून दिलेलं, मग दुसरीने वापरलेलं, मग तिसरीने. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल, असा रंग सोलत सोलत ते हेगबीला पोहोचलं. सुरू केलं तर दणक्यात सुरू झालं. गावातले लोक गाड्या थांबवून बघायला आले. एकजण ‘वाईट नाही’ म्हणाला, आणि हेगबीत याच्या वर कौतुक नाही.

तिसऱ्या फेरीला पाणी जायला लागलं.

थंड असताना इंजिन गार ठेवायच्या पाण्याची टाकी काठोकाठ. तापून, ओझं घेऊन चढ चढलं की पाणी निम्मं. थांबवून, उघडून, टॉर्च लावून बघावं तर आत एक थेंब नाही. कुठेतरी केसाएवढी चीर होती, जी तापल्यावर उघडायची आणि माणूस बघायला येईपर्यंत मिटायची. ऑर्लिनने नळ बदलले, सील बदलले, रेडिएटर उतरवून पुन्हा चढवला. तीन आठवडे गेले. शेवटी गेल यार्डात आली आणि हात खिशात घालून उभी राहिली.

“शुक्रवार संध्याकाळपर्यंत, ऑर्लिन,” ती म्हणाली. “शनिवारी भंगारवाला येतोय.”

“कोणी बोलावलं त्याला?”

“मीच. तुम्ही रागावणार असाल तर आत्ता रागवा. मला चारला कोठारावर जायचंय.”

ऑर्लिन रागावला नाही. म्हणजे त्याने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

हे बुधवारी झालं. गुरुवारी सकाळी त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उपडी बादली घेऊन तो इंजिनाच्या बाजूला कॉफी पीत बसला. बाजूची लोखंडी दारं उघडी होती. जुन्या इंजिनांच्या दारांच्या आतल्या बाजूला फिटर लोक खडूने, पेन्सिलने, हाताला येईल त्याने लिहून ठेवतात: काय बदललं, काय राहिलं. पुढच्या कारखान्यातला पुढचा फिटर ते वाचतो. कागदपत्रं हरवतात, दार हरवत नाही. ऑर्लिनने हे दार तीन आठवड्यांत वाचलं नव्हतं. लोकांनी लिहिलेलं वाचायची त्याला सवय नव्हती. लोक त्याचं वाचायचे.

आता समोर वाचायला दुसरं काही नव्हतं. त्याने खालून वर वाचायला सुरुवात केली.

‘पाणी जातंय. ११ नवीन आहे. २ आणि ९ बदलले. उपयोग नाही.’ त्याच्या वर वेगळं अक्षर: ‘११ सोडून डावी बाजू सगळी बदलली. तरी जातंय. देव बघून घेईल. — रस्टी, अलाबामा.’ त्याच्या वर: ‘७ बदलला. ११ ला हात लावला नाही, नवीन आहे.’ सोळा सिलिंडरांचं इंजिन. ऑर्लिनने बोटांवर हिशेब केला. एकवीस वर्षांत, चार राज्यांत, शहाण्या माणसांनी घाम गाळून एकामागून एक पंधरा सिलिंडर बदलले होते. अकराव्याला कुणी शिवलं नव्हतं, कारण सगळ्यात वर, काजळीखाली, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: ‘११ बदलला. नवीन. १३ मार्च ९८. ओ. एस.’

त्याने कॉफी खाली ठेवली.

तेव्हा तो मोठ्या रेल्वेच्या कारखान्यात होता. शुक्रवार होता. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे आधी दारावर लिहिलं आणि मग सामानाच्या कोठीवर नवा सिलिंडर मागायला गेला. सिलिंडर दुपारी येणार होता. दुपारी अडीचला साहेब आला. कारखाना बंद होतोय, हत्यारं जमा करा, असं त्याने एकशे चाळीस माणसांना सांगितलं. ऑर्लिनने हत्यारं जमा केली, सही केली, डबा उचलला, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज लवकर सुटलो. दाराची आठवण त्याला त्या दिवशी झाली नाही. नंतर एकवीस वर्षं झाली नाही. इंजिनं हलवायला आलेल्यांनी दार वाचलं असणार आणि काम झालं असं समजून इंजिन बाहेर काढलं असणार.

त्याने मान वळवून बघितलं. ऑगस्टमध्ये मेलेलं इंजिन बाजूच्याच रुळावर उभं होतं, त्याच घराण्यातलं. त्याचा एक सिलिंडर काढून इथे बसवता आला असता, एका दिवसात. पण दोन माणसं लागली असती. एकाने चेनपुली धरायची, एकाने आत हात घालायचा.

दुसरं माणूस म्हणजे डार्लिस हॉफ. डार्लिस ड्रायव्हर होती, अठ्ठावन्न वर्षांची, आणि तिला प्रश्न विचारायची खोड होती.

“अकरा काढू या,” ऑर्लिन तिला म्हणाला.

“अकरा नवीन आहे.”

“कोण म्हणतं?”

“दार म्हणतं.” तिने हातमोजे चढवले. “मी पहिल्याच दिवशी वाचलं.”

“दारं काय, काहीही म्हणतात.”

“हे दार ओ. एस. ची सही करून म्हणतं. सातच्या पोटात आडवी रेघ मारणारा ओ. एस. आपल्या ओळखीचा कोण, ते आठवत होते.”

“तिथे सात कुठेय?”

“तिथे नाहीये. तुझा चेहरा बघायचा होता, बघितला.”

ऑर्लिनने पाना उचलला, खाली ठेवला. आतापर्यंत कुणापुढे न बोललेलं वाक्य त्याला बोलायचं होतं आणि ते कुठल्या बाजूने धरायचं हे कळत नव्हतं.

“मी तो बदलला नव्हता,” तो म्हणाला. “लिहिलं होतं. बदलला नव्हता.”

“हं.”

“तीन आठवडे तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं नवीनच असेल. तू लिहिलं होतंस.” डार्लिसने साखळी ओढली. “बाजूला हो. चेन येतेय.”

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते सरळ म्हटलं होतं.

गुरुवारी अंधार पडेपर्यंत आणि शुक्रवारी दुपारपर्यंत ते दोघं राबले. जुना सिलिंडर बाहेर आला तेव्हा डार्लिसने तो टॉर्चखाली फिरवला. चीर बारीक होती, वीतभर लांब, आणि तिच्याभोवती पांढरा क्षार साचला होता. “एकवीस वर्षं,” ती म्हणाली. “चिकाटी आहे.” ती सिलिंडरला म्हणाली की ऑर्लिनला, हे त्याने विचारलं नाही. जेवायला तिने घरून खिम्यावर बटाट्याचे थर लावून भाजलेला पदार्थ आणला होता. तो त्यांनी डब्यातूनच खाल्ला. त्याबद्दल ऑर्लिन ‘वाईट नाही’ म्हणाला आणि डार्लिस थोडी लाजली.

चार वाजता दोन्ही इंजिनं जोडून, बावन्न भरलेले डबे लावून डार्लिसने गाडी सोडली. गेल रुळाशेजारून स्वतःच्या मोटारीने चालली होती. ऑर्लिन डार्लिसबरोबर नव्या इंजिनावर, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर. चढ सुरू झाला. इंजिन तापलं, धूर काळा झाला, वेग माणसाच्या चालीवर आला. काचेतलं पाणी थरथरत होतं. ते खाली येईल म्हणून तो बघत राहिला. माथा आला. पाणी होतं तिथेच होतं.

माथ्यावर गाडी थांबवल्यावर गेल वर चढून आली. तिने काच बघितली, मग पुन्हा बघितली.

“काय होतं?”

इथे ऑर्लिन नुसतं ‘अकरा’ म्हणू शकला असता. डार्लिस खिडकीबाहेर बघत होती. फार लक्ष देऊन बघत होती.

“अकरा,” ऑर्लिन म्हणाला. “अठ्ठ्याण्णव साली मी नवीन टाकला असं लिहिलं आणि टाकला नाही. म्हणून कुणाला सापडत नव्हता. मलाही.”

गेलने हात खिशात घातले. तिच्या घरच्या तळघरातल्या बॉयलरवर वर्षानुवर्षं ऑर्लिनची चिठ्ठी होती.

“बरं,” ती म्हणाली. “आमचा बॉयलर?”

“त्याचं काम केलंय.”

“बरं.” तिने फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

खाली उतरण्यापूर्वी ऑर्लिनने खिशातून पेन्सिल काढली. दारावर स्वतःची जुनी ओळ त्याने खोडली नाही. सगळ्यात खाली, ‘उपयोग नाही’च्याही खाली, लिहिलं: ‘११ आत्ता बदलला. आधीचं खरं नव्हतं. माफ करा. ओर्लिन स्वेनस, हेगबी.’ काम झाल्यावर लिहिण्याची ही त्याची पहिली वेळ. हात जरा अवघडला, आणि स्वतःच्या नावात त्याने एक चूक केली.

शनिवारी चर्चमध्ये सुक्या माशांचं वार्षिक जेवण होतं. अडतीस मैलांत बातमी गाडीच्या आधी पोहोचते. ऑर्लिन तळघरात आला तेव्हा सगळे त्याच्याशी नेहमीसारखेच बोलले. पाऊस, मका, मासे. पाद्रीबाई गाडी घरी ठेवून चालत आल्या होत्या. कॉफीच्या मोठ्या भांड्यावरची चिकटपट्टी जागेवर होती, ‘गळत नाही. ओ. एस.’, आणि भांड्याखाली कुणीतरी परात ठेवली होती.

ऑर्लिनने परात बघितली. वाकून तोटी चाचपली, रुमालाने पुसली, पुन्हा चाचपली. मग कप भरला आणि डार्लिसशेजारी जाऊन बसला.

“कोरडी आहे?” तिने विचारलं.

“कोरडी आहे.”

जेवण आटपेपर्यंत परात कोरडीच राहिली. तिथून ती कुणी उचलली नाही.